देवाचा गुलाल आणि सुभेदारांचा ब्लेझर

ड्रायक्लीन म्हणजे कोरडी धुलाई, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भर उन्हाळ्यात उभा करायची माझी फार इच्छा आहे. कपडा तिथं चांगला चिंब भिजतो. फक्त पाण्यात न भिजता पेट्रोलच्या जातीच्या एका द्रावणात भिजतो, एवढाच काय तो फरक. पण हे सांगायला गेलं की गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं, जणू मी दुधात पाणी घालते हेच कबूल केलंय. मागं एक प्राध्यापक आले होते. म्हणाले, "पाणी लावू नका आणि केमिकलही लावू नका, पण ड्रायक्लीन स्वच्छ झालं पाहिजे." मी विचारलं, "मग कोटासमोर बसून मंत्र म्हणू का?" ते खरंच विचारात पडले.

सांगलीत विश्रामबागेत आमचं दुकान आहे. मशीन आमचे हे चालवतात आणि तोंड मी चालवते. माहेर फलटणचं. लग्न ठरलं तेव्हा मुलाचा कपड्यांचा धंदा आहे असं कळलं आणि मी हरखून गेले, की रोज नवं नेसायला मिळणार. मिळालं काय, तर अख्ख्या गावाच्या काखेतले घामाचे डाग. आजूबाजूला कॉलेजं, क्लास, अभ्यासिका, त्यामुळं आमच्याकडं मुलाखतीच्या सुटांचा राबता फार. शालू-पैठण्या लग्नसराईत येतात, मुलाखतीचे सूट बारमाही येतात. नोकऱ्या कुठं आहेत ते मला विचारू नका, मुलाखती मात्र रोज असतात.

या अंकाच्या संपादकबाईंनी 'नाजूक कपड्यांची निगा' या विषयावर लिहा म्हणून गळ घातली. त्या स्वतःची सिल्कची साडी घरी बादलीत साबणाच्या पावडरीत बुचकळतात हे मला ठाऊक आहे, पण असो. मोठ्या माणसांचं मोठं.

तर निगा. सूट म्हणजे नुसतं कापड नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. बाहेर लोकर, आत अस्तर, दोन्हींच्या मधे कॅनव्हास आणि खांद्यात गाद्या. पाण्यात घातलं की प्रत्येकजण आपापल्या मर्जीनं आटतो, अगदी भावकीसारखा. लोकर भरपूर आटते, अस्तर जागचं हलत नाही, मग छातीवर पापडासारखे फुगे येतात. एका इंजिनिअर पोरानं नवा कोरा सूट घरच्या मशीनमधे गरम पाण्यात फिरवला. बाहेर आला तो त्याच्या भाच्याला बसेल असा. माझ्यापुढं टाकून म्हणतो, "काकू, मोबाईलवर बघून केलं सगळं."

"मग मोबाईललाच दाखव आता," मी म्हटलं.

इस्त्री हा त्याहून मोठा शत्रू. लोकरीवर इस्त्री थेट टेकवायची नसते. मधे ओलसर मलमल घालायची आणि वाफेवर काम करायचं, नाहीतर कापडाला तुळतुळीत चकाकी येते आणि ती जन्मात जात नाही. पण सांगतंय कोण आणि ऐकतंय कोण. बँकेच्या मुलाखतीला निघालेल्या एका पोरानं पँटच्या बैठकीवर इस्त्रीचा नीट छाप उठवून आणला होता. टोकासकट. "काकू, कळणार नाही ना?" मी म्हटलं, "पाठ दाखवू नकोस म्हणजे झालं. बाहेर पडताना तोंड साहेबांकडं ठेवून मागं मागं चालत जा, त्यांना वाटेल पोरगं अदबशीर आहे." पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, तसाच चालत गेलो. आता बोला.

आणि बाहीवरचं ते लेबल! दुकानात ओळखू यावं म्हणून कंपनी ते चार टाक्यांवर लावते. घरी नेल्यावर उसवून टाकायचं असतं. आमच्याकडं पोरं ते जिवापाड जपतात. मी एकदा कात्री लावली तर पोराचा बाप काउंटरवरून आडवा झाला, "आवं आवं, त्येच तर दावायचं हाय! ते काडलं तर किमती हाय ह्ये कळायचं कसं?" मी कात्री खाली ठेवली. दाखवा बापडे.

बाकी निगा सोपी आहे. रुंद खांद्याचा हँगर वापरा, तारेचा नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती धोतरात गुंडाळा. अत्तर अंगाला लावा, कोटाला नको. जरीची साडी वर्षात एकदोनदा उलगडून घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. आणि डाग पडला तर सगळ्यात आधी काय करायचं? काही नाही. गप बसायचं. डागानं कपड्याचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं डाग दिसल्यावर माणसाचे हात जे शिवशिवतात त्यानं होतं. कुणी लिंबू पिळतं, कुणी टूथपेस्ट चोळतं, कुणी वर मीठ टाकतं. कपड्याची कोशिंबीर झाली की मग माझ्याकडं आणतात.

हे सगळं पुराण मी ज्या ब्लेझरसाठी लावलंय, त्याच्यावर आता येते.

आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहणारी अश्विनी नावाची मुलगी आहे. म्हसवडजवळच्या गावची. दिवसभर अभ्यासिकेत बसून सरकारी अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. संध्याकाळी दुकानात टेकायची, चहा घ्यायची आणि मला देशातल्या नद्या, घाट, कायदे काय काय सांगायची. वडील पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरी ऊस. गेल्या साली लेखी परीक्षा पास होऊन तिला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा पोरगी हसत आली नाही, घाबरत आली. कारण घरी ठराव झाला होता. फलटणकडचं स्थळ आलेलं, बागायतदार, मुलगा निर्व्यसनी, आणि सुभेदारांनी शब्द देऊन टाकलेला. पोरीला सांगितलेलं, "ह्या बारीला झालीस तर साहेब. न्हाई झालीस तर साखरपुडा. दोनीत आमाला आनंदच हाय."

"तुला कशात आनंद आहे?" मी विचारलं.

"मला अजून एक बारी पाहिजे काकू. मुलाखतीत पहिल्यांदा कुणी पास होत नाही. पण हे घरी कोण ऐकणार?"

आता मुलाखतीला काय घालायचं? बाकीच्या मुली नीटस साडी नेसून जातात, झालं. पण सुभेदारांचं म्हणणं, "साडीत पोरगी दिसती, ब्लेझरमंदी हापिसर दिसतो." मग त्यांनी स्वतःचा पलटणीतला ब्लेझर काढला. गडद निळी लोकर, पितळी बटणं. गावच्या शिंप्याकडून तो तिच्या मापाचा करून घेतला. बापाच्या अंगावरचा ब्लेझर लेकीच्या अंगावर म्हटल्यावर सगळ्या गल्लीनं कौतुक केलं, मीसुद्धा केलं. अंगावर बरा बसला होता. जरा जाड वाटत होता, पण बरा.

तेवढ्यावर थांबतील तर ते आपले लोक कसले! मुलाखतीच्या आधी पोरगी देवाच्या पाया पडायला गावी गेली आणि परत आली ती आईला घेऊन. आईच्या हातात पिशवी. पिशवीचं तोंड उघडलं आणि मला आत आधी गुलाबीच दिसलं.

"हे काय केलंय?" मी विचारलं.

"आवं, सिद्धनाथाच्या पायावर घातला हुता," आई म्हणाली. "पोरीच्या कामाचा कपडा हाय, देवाचा हात लागाय नगं का? पुजाऱ्यानं वर गुलाल टाकला. जरा जादाच पडला."

"बरं, पडला. मग?"

"मग मी वल्ल्या टावेलनं पुसला."

"मग?"

"मग वाडला."

"मग?"

"मग आनी पुसला."

मी डोक्याला हात लावला. सिद्धनाथावर माझा काडीचा राग नाही. त्याच्यापुढं लोक खोबरं उधळतात, गुलाल उधळतात, त्याची त्याला सवय आहे. ब्लेझर त्यालाही नवाच असणार. गुलाल कोरडा असता तर मी उन्हात नेऊन नुसता झटकला असता, मऊ ब्रशनं उतरवला असता, वर थोडी हवा मारली की काम झालं. पण त्याला पाणी लागलं की तो भुकटी राहत नाही, रंग होतो, आणि लोकर रंग अशी पिते की विचारू नका. दोन्ही खांदे आणि छातीची एक बाजू जांभळट झाली होती. परवा मुलाखत होती.

"जाईल का काकू?" अश्विनीनं विचारलं.

"जाईल की नाही ते मी आत्ता सांगणार नाही. तू घरी जा आणि नद्या म्हण."

आमचे हे एरवी एका वाक्यापेक्षा जास्त बोलत नाहीत. त्यांनी ब्लेझर उजेडात धरला आणि "अवघड आहे" म्हणाले, म्हणजे मला काय धीर आला असेल बघा. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघितला, लोकरीचा स्वतःचा निळा सुटतोय का म्हणून. सुटत नव्हता. मग खाली पांढरं फडकं, वर स्पिरिटचा बोळा, आणि नुसतं टिपायचं. घासायचं नाही. घासलं की लोकरीला लव येते आणि मग खांद्यावर मांजर बसल्यासारखं दिसतं. टिपायचं, फडक्याची जागा बदलायची, परत टिपायचं. फडकं गुलाबी व्हायला लागलं तशी माझी मान आखडायला लागली. दुपारभर माझं तेच चाललं होतं, गिऱ्हाइकं येऊन परत गेली. शेवटी मशीनमधून काढला, मलमल घालून वाफेवर बसवला आणि दारात उजेडाला धरला तर निळाच्या निळा! मी माझ्या कामाचं सहसा कौतुक करत नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. पण त्या दिवशी मी केलं, आणि ह्यांनाही करायला लावलं.

अश्विनीच्या आई न्यायला आल्या. खांद्यावरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेला, परत बघितला.

"सगळाच काडला व्हय?"

"सगळाच."

"जरासा ठिवायचा की देवाचा."

"कुठं ठेवू? कॉलरला का खिशाला?"

त्यांनी ब्लेझर पिशवीत घातला, पण चेहऱ्यावरची नाराजी मला दिसली.

मुलाखत झाली. निकाल लागला. अश्विनीचं नाव यादीत नव्हतं. थोडक्यात गेलं, पण यादीत नसणं हे नसणंच असतं. त्याच दिवशी तिच्या आईचा मला फोन. रामराम नाही, काही नाही.

"बाई, तुमी देव धुतलात."

एवढं म्हणून फोन बंद.

आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांच्या कपड्यांवरची हळद काढली, मेंदी काढली, ओकाऱ्यासुद्धा काढल्या, पण देव काढल्याचा आळ पहिल्यांदाच आला. आमच्या ह्यांच्यावर मी तो सगळा राग काढला. हे म्हणाले, "बिचाऱ्या आईला कुणावर तरी राग काढायचाच होता की." मलाही ते कळत होतं, आणि कळत असूनही मला फार लागलं. खरं सांगायचं तर त्या पोरीचं नाव यादीत नाही हेच जास्त लागलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस अश्विनी दुकानाकडं फिरकली नाही. मला वाटलं, तीही मानते की काय ते देव धुतल्याचं. मग एक दिवस आली. हातात तोच ब्लेझर, स्वच्छ, घडी न मोडलेला.

"काकू, हा धुवायला टाकते."

"ह्याला काय झालंय धुवायला? एकदाच तर घातलास."

ती इकडंतिकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "साखरपुडा ठरलाय. आबा म्हणतात, ब्लेझर शिंप्याकडं दे, परत माझ्या मापाचा करून घेतो, साखरपुड्यात मीच घालतो. एकदा तो उसवला की संपलंच, काकू. मी परत फॉर्म भरलाय. घरी सांगितलेलं नाही."

तिनं ब्लेझर उलटा केला. ते मी साफ करतानाच बघितलं होतं. शिंप्यानं कापड कापलंच नव्हतं. पाठीला, बगलेत, बाह्यांत, सगळीकडं जादाचं कापड आत दुमडून टाके घातले होते. म्हणून तो जाड वाटायचा. आमच्याकडं वाढत्या पोरांचे कपडे असेच शिवणीच्या दाबात जादा कापड ठेवून शिवतात, पुढं सोडता यावं म्हणून. इथं उलटं होतं. पोरगी काही वाढणार नव्हती. बापानं ब्लेझर तिला दिलाच नव्हता, वापरायला दिला होता. परीक्षेची मोकळीकही तशीच तेवढ्यापुरती दिली होती, असं मला तेव्हा वाटलं, आणि सुभेदारांचा असा राग आला की काय सांगू.

"ठेव इथं," मी म्हटलं. "पावती नको. आमच्याकडं गर्दी फार आहे, कधी मिळेल सांगता येत नाही."

दुकान रिकामं होतं. पोरगी हसली, निकालानंतर पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात सुभेदार स्वतः आले. पांढरी मिशी, ताठ मान, चपला दाराबाहेर काढून आत. माणूस रीतीचा, त्यात शंका नाही.

"वहिनी, आमचा ब्लेझर हाय तुमच्याकडं. तेवढा द्या. शिंप्याकडं टाकायचाय, साकरपुड्याला दिस ऱ्हायलं न्हाईत."

"सापडत नाही तो," मी म्हणाले.

मागं इस्त्रीची वाफ थांबली. आमच्या ह्यांच्या हातून आजवर कुणाचा हातरुमाल हरवलेला नाही. त्या एका गोष्टीवर हे दुकान उभं आहे, आणि मी ती एका वाक्यात घालवली होती.

"सापडत न्हाई म्हंजे?" सुभेदारांचा आवाज चढला. "आवं, त्यो काय रुमाल हाय का मोजा हाय? पलटनीतला ब्लेझर हाय माजा!"

"चुकून दुसऱ्याच्या कपड्यात गेला असेल. होतं कधी कधी."

"असं कसं हुतंय? लय नाव ऐकलं हुतं तुमचं. सगळ्या मान तालुक्यात सांगतो आता, हितं कपडा टाकू नका म्हनून!"

"सांगा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते रागानं दुकानभर नजर फिरवायला लागले. काउंटर, गठ्ठे, मग वर दांडीला टांगलेले कपडे. ब्लेझर तिथंच होता, जुन्या चादरीत गुंडाळून, सगळ्यात मागं. चादर एका बाजूनं आखूड पडली होती आणि बाहीची पितळी बटणं बाहेर दिसत होती. ती बटणं या माणसानं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं घासली होती. मला वाटलं, आता हा माणूस काउंटर ओलांडून आत येतो आणि माझी इज्जत रस्त्यावर मांडतो.

ते आले नाहीत. त्यांची नजर त्या बटणांवर जाऊन थांबली. मग खाली बघितलं आणि सावकाश विचारलं, "हरावला तवा आमची अश्विनी हुती का हितं?"

"होती."

"रडली?"

"नाही. पिशवी उचलली आणि अभ्यासिकेत गेली. रोज जाते. आत्ताही तिथंच आहे."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. दाराकडं वळले, चपला घातल्या, आणि बाहेरूनच बोलले. आवाज खाली आला होता.

"सापडला की तिच्याच हातात द्या. आन् ते आतलं कापड ठिवलंय शिंप्यानं, ते कापून टाकाय सांगा तिला. उगं जाड हुतंय पोरीला."

ते कोपऱ्यावर वळल्यावर मी ब्लेझरवरची चादर काढली आणि तो पुढच्या दांडीला टांगला.